पुढे काय झाले ते विचारले नाही

होळी तोंडावर आली तेव्हा रुखमाबाईंच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकू लागल्या होत्या, आणि त्यांचे यजमान वामनराव यांनी कोणाजवळही न बोलता मनाशी धरून ठेवले होते की, हा उन्हाळा या बाईला पेलायचा नाही.

नांदुऱ्याच्या त्या घरावर घाला पडला तो आदल्या पावसाळ्याच्या शेवटी. एकुलती एक मुलगी पुष्पांजली अकोल्याला महाविद्यालयात शिकवीत असे. ताप आला म्हणून फोन आला, आणि आईवडील तेथे पोहोचून तिची उशी नीट करतात न करतात तोच सारे आटोपले. रुखमाबाई तेव्हा रडल्या नाहीत. भावकीने कडू घास आणला, तो त्यांनी सांगितल्यासारखा गिळला. दिवाळीला, दुःखाच्या घरातला पहिला सण म्हणून, त्यांचे भाऊ-भावजय रीतीप्रमाणे तोंड गोड करायला आले. रुखमाबाईंनी करंजीचा तुकडा तोंडात घेतला; आणि पाहुणे गेल्यावर तोच तुकडा, ओला, त्यांच्या पदराच्या गाठीत वामनरावांना सापडला. तेथून अन्न सुटत गेले. आधी रात्रीची भाकर गेली, मग सकाळचा वरणभात गेला, आता पेजेवर आले होते. बोलणे तर त्याच्याही आधी ‘हो’ आणि ‘नको’ या दोन शब्दांवर येऊन थांबले होते.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. “काका, शरीरात दोष नाही,” ते म्हणाले. “काकूंना इच्छाच राहिली नाही. ती काही सलाईनमधून देता येत नाही.”

वामनराव तंत्रनिकेतनात शिकलेले, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत वीज मंडळात राहिलेले. दोष नाही आणि तरी दिवा लागत नाही, हे त्यांच्या शास्त्रात बसत नव्हते. दिवा लागत नसेल तर तार कुठेतरी तुटलेली असते, आणि एका टोकाकडून शांतपणे तपासत गेले की ती जागा सापडतेच, या एका श्रद्धेवर त्यांनी सगळी नोकरी काढली होती. मुलगी त्यांचीही गेली होती. पण ते दुःख त्यांनी बाजूला काढून ठेवले होते. आधी ही वाचली पाहिजे, मग त्याचे पाहू.

रुखमाबाईंना आयुष्यात एकच नाद होता, आत्मचरित्रे वाचण्याचा. कादंबरीला त्या हात लावीत नसत. “त्यातलं मानूस खोटं मरते,” असे त्यांचे म्हणणे. दुपारची भांडी आवरली की खिडकीजवळच्या बाजेवर चष्मा लावून त्या जे पुस्तक उघडीत ते चहाच्या वेळेपर्यंत. पुष्पांजली अकोल्याहून येताना आईसाठी पुस्तके आणी, एरवी गावातल्या वाचनालयावर भागे. वामनराव येताजाता टोमणा मारीत.

“लोकायच्या घरात डोकावायची भारी हौस तुले.”

“डोकावते तं काय झालं? त्यायनंच दार उघडं ठेवलं,” रुखमाबाई पुस्तकातून मान वर न करता म्हणत. “अन् तिथं मले कोनी चहा मांडाले सांगत नाही.”

आता चष्मा खिडकीत पडून होता. त्याच्यावर धूळ बसली होती. एके दिवशी ती पुसता पुसता वामनरावांच्या मनात एक विचार आला, आणि बुडत्याला काडी सापडावी तसा त्यांनी तो घट्ट धरला. ही आत्मचरित्रे लिहिणारी माणसे काही सुखात लोळलेली नव्हती. त्यांचीही मुले गेली असतील. तरी ती पुढे एवढी जगली, की जाडजूड पुस्तक लिहून होईपर्यंत जगली. तेव्हा कसे जगायचे, हे त्यांनी कुठेतरी लिहून ठेवलेलेच असणार.

बायकोचे कार्ड घेऊन ते वाचनालयात गेले. ग्रंथपाल डिंपल ही गावातलीच मुलगी, बोलायला फटकळ.

“आत्मचरित्रे पाहिजेत,” वामनराव म्हणाले. “ज्यांचे मूल गेले अशा लोकांची.”

डिंपलचा हात थांबला. “काका, इथं पुस्तकं लेखकाच्या नावानं लावली हायेत. दुःखाच्या नावानं नाही.”

“मग तशी लावायला पाहिजे होती,” वामनराव अगदी गंभीरपणे म्हणाले.

ती उठली, कपाटापाशी गेली, आणि पाठमोरीच बोलू लागली. “काकू एकेक पुस्तक दोनदा, तीनदा न्यायच्या. मी म्हटलं, काकू, वाचलं तं खरं एकदा, आता त्यात काय पाहता? तं म्हने, जाऊन पाहून येते, बरे हायेत का सगळे.” तिने पुस्तकांची चळत टेबलावर ठेवली. “घ्या. यायचं कोनाचं न कोनाचं काही तरी गेलं हाय.”

वामनरावांनी पद्धतशीर काम सुरू केले. बालपण, शाळा, लग्न, नोकरी हा सारा मजकूर त्यांच्या उपयोगाचा नव्हता. जिथे मूल जाते ते पान शोधायचे आणि तेथून पुढे वाचायचे. पहिल्या पुस्तकात एका शल्यवैद्याचा मुलगा गेला होता. त्याने लिहिले होते, ‘ते दिवस कसे गेले ते माझे मलाच ठाऊक.’ आणि पुढचे प्रकरण त्याच्या परदेशगमनाचे. दुसऱ्या पुस्तकात एका नटाच्या पत्नीने लिहिले होते, ‘त्या दिवसांविषयी न लिहिलेलेच बरे.’ तिसऱ्यात नुसतेच, ‘काळ हेच औषध.’ वामनराव पाने मागेपुढे करून पाहत. सगळ्यांची तार एकाच जागी तुटलेली, आणि पलीकडे सगळ्यांचे दिवे पुन्हा लागलेले. मधले कोणी काही सांगतच नव्हते.

“माझे मलाच ठाऊक!” एकदा ते पुस्तकावर ओरडले. “मग सांग ना बाबा! सांगायला बसलास ना!”

हाती आलेले तेवढे तरी वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ती पाने रुखमाबाईंना वाचून दाखवली. एकामागून एक. मुलाचा मृत्यू, मुलीचा मृत्यू, पुन्हा मुलाचा. रुखमाबाईंनी भिंतीकडे तोंड केले, आणि त्या दिवसापासून ते तिकडेच राहिले. आपण औषध म्हणून विष पाजले, हे वामनरावांच्या ध्यानात यायला थोडा उशीर झाला. त्या रात्री ते स्वयंपाकघरात थंड चुलीपाशी बसून राहिले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या मनात आले की ही गेली तर आपणही मागे कशाला राहायचे?

तरी पुस्तके परत करायला ते गेले, कारण मुदत संपली होती. डिंपलने त्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि टेबलाच्या खालच्या खणातून एक पातळ पुठ्ठ्याचे पुस्तक काढले. “हे आपल्या इकडलंच हाय. जळगाव जामोदचे शंकरराव मास्तर. सोतानं छापलं, सोताच आनून ठेवून गेले. अजून कोनी नेलं नाही.”

वामनरावांनी तेथेच उभ्याने पाने उलटली. शंकररावांचा मुलगा प्रसेनजित तलावात बुडून गेला होता. त्याच्या पुढे लिहिले होते, ‘माझी बायको जनका हिने अंथरूण धरले. तिने अन्न टाकले. मी आशा सोडली.’ त्याखाली अर्धे पान कोरे. आणि नवे प्रकरण असे सुरू होत होते, ‘त्या वर्षी तुरी चांगल्या झाल्या. जनकाने शेंगा उकडल्या, आणि मी मीठ उशिरा आणले म्हणून मला फैलावर घेतले.’

वामनरावांनी त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवले. अन्न टाकलेली बाई अलीकडे होती, आणि शेंगांवरून नवऱ्याशी भांडणारी बाई पलीकडे होती. पुस्तकाच्या पाठीवर लेखकाचा मोबाईल क्रमांक छापलेला होता. पण असली गोष्ट काही फोनवर विचारता येत नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या झुंबरबाईंना रुखमाबाईंजवळ बसवून ते एस.टी.त चढले. पूर्णेचा पूल गेला, उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग गेले, सातपुड्याची निळसर रेघ जवळ येत गेली. आणि वामनराव सबंध वाटभर पुस्तकाच्या त्या पानात बोट घालून बसले होते.

शंकररावांना दारात वाचक आलेला पाहून आनंद मावेना. “जयभीम, जयभीम! या! नांदुऱ्याहून? पुस्तक वाचून?” त्यांनी आत हाक दिली. “जनका, अवं पाह्य, वाचक आला! मी म्हनत नव्हतो?” आणि वामनराव खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच, “कोणतं प्रकरण आवडलं? पहिल्या शाळेचं? का माझ्या मायचं? लोकांना मायचं प्रकरण फार आवडते.”

“मी तीनच पाने वाचली,” वामनराव म्हणाले. खोटे बोलणे त्यांना जन्मात जमले नव्हते.

“तीन?”

वामनरावांनी पुस्तक उघडून कोरी जागा दाखवली आणि आपल्या घरचे सांगितले. सांगताना त्यांचा आवाज अहवाल वाचल्यासारखा सपाट होता, फक्त शेवटी तो अचानक बसला. “या जागेत काय झाले तेवढे सांगा. मला दुसरे काही नको.”

शंकररावांचा उत्साह ओसरला. बुद्धाच्या तसबिरीखाली बसून त्यांनी ती कोरी जागा स्वतःच एकदा पाहिली. “साहेब, ती जागा मी मुद्दाम सोडली नाही,” ते म्हणाले. “लिहाले बसलो अन् पाहतो तं माझ्याजवळ काहीच नव्हतं. शाळेत जात होतो, घरी येत होतो. एका संध्याकाळी आलो तं जनका खाटेवर नाही, गल्लीत उभी. मले एवढंच माहीत. तिलेच विचारा.”

जनकाबाई पाणी घेऊन आल्या होत्या आणि दारातच उभ्या राहून ऐकत होत्या. “प्या, नळाचं हाय,” त्या म्हणाल्या. “पहिल्यासारखं विहिरीचं खारं नाही.” मग खाली बसत हसल्या. “यायच्या पुस्तकात मी बिमार पडते अन् एकदम शेंगा उकडते. मधात मी कुठं होती, हे यायले आजवर विचाराचं सुचलं नाही.”

“आता विचारलं न साहेबानं,” शंकरराव पुटपुटले.

“साहेबानं विचारलं. तुमी नाही.” जनकाबाई वामनरावांकडे वळल्या. “सगळे येत भाऊ, समजावत. कोनी म्हने रड, कोनी म्हने रडू नको. मले त्यायच्या तोंडाचा वीट आला होता. तवा एक पाटे टाकवनारी आली, छिन्नीनं दगडाले टाके मारनारी. आमचा पाटा गुळगुळीत झाला होता, त सासूनं तिले अंगनात बसवलं. मी तिथंच खाटेवर पडून होती. तिले माझ्या पोराचं कोनी सांगतलं नव्हतं. ते आपली टाकी ठोके अन् बोले. मले काहीच नाही विचारलं. सोताचंच सांगे. बाप कसा होता, लगन कसं झालं. तिची एक गाढवी होती, मोठी लबाड. पाठीवर दगड लादले का मांगच्या गावाले पळून जाये. एकदा अशीच हरवली, त नवरा शोधाले गेला. काही दिवसानं गाढवी आपल्या पायानं परत आली. नवरा आला नाही.”

“मग?” शंकरराव म्हणाले.

“मंग पाटा झाला. तिनं पदरात ज्वारी घेतली, टाकी-हातोडी उचलली, चालली गेली. अन् मी रातभर पडल्या पडल्या म्हनो, अवं बाई, त्या नवऱ्याचं काय झालं? सकाळी वरच्या आळीतून टाकीचा आवाज आला. मी उठली. पायात जोर नव्हता, भिंतीले धरून धरून गेली. तिच्यापुढं जाऊन बसली अन् म्हटलं, आधी ते सांग.”

वामनराव ताडकन उभे राहिले. सापडले होते. जागा सापडली होती. आपण पुस्तके तुटलेल्या जागेपासून वाचत होतो; पण ज्या माणसाला आपण ओळखतच नाही त्याच्या मरणाचे कोणाला काय? आधी त्याच्या बापापासून, त्याच्या गाढवीपासून सुरुवात व्हायला पाहिजे.

“बसा, चहा ठेवला हाय,” जनकाबाई म्हणाल्या.

“बस आहे माझी.”

“अन् बाकीचं पुस्तक?” शंकररावांनी आशेने विचारले.

“पहिल्या पानापासून वाचतो. आजच.”

ते फाटकापर्यंत पोहोचले तेव्हा मागून जनकाबाईंचा आवाज आला, “अवो भाऊ, बाकीचं तं ऐकून जा!”

“कळले, कळले,” वामनराव म्हणाले आणि स्थानकाकडे धावले.

त्या दिवसापासून रोज दुपारी, रुखमाबाईंच्या वाचनाच्या वेळेला, त्यांनी बाजेशेजारी खुर्ची मांडून शंकररावांचे पुस्तक वाचायला घेतले. शंकरचे बालपण, त्याची आई, पावसात शाळेची वाट, झिजू नयेत म्हणून हातात धरून नेलेले पहिले बूट. रुखमाबाईंचे तोंड भिंतीकडेच होते. वामनराव प्रत्येक प्रकरण मधेच थांबवून वाट पाहत. ‘मग?’ असा शब्द येईल, निदान मान हलेल. काही होत नव्हते. उलट त्यांना एक लाजिरवाणी गोष्ट कळली, की शंकरला नोकरी लागते का नाही याची उत्सुकता त्यांचीच त्यांना लागली आहे, आणि बायको मरणाच्या दारात असताना आपण दुपारची वाट पाहतो आहोत.

पेजही परत येऊ लागली. झुंबरबाईंनी एकदा वाटी उचलताना त्यांना दाराबाहेर बोलावले. “भाऊजी, बाईच्या भावाले फोन करून ठेवा. माह्याच्यानं बोलवत नाही, पन करून ठेवा.” वामनरावांनी मान डोलावली. फोन मात्र त्यांनी केला नाही. आत येऊन त्यांनी पुस्तक उघडले. दुसरे करण्यासारखे काही उरलेच नव्हते, आणि वाचायचे थांबवले तर हातून शेवटचा धागा सुटेल असे त्यांना वाटत होते.

पुस्तकात आता प्रसेनजित आला होता. पाण्याला भिणारा पोरगा. अंघोळीच्या वेळी बाजेखाली जाऊन लपायचा, आणि आई त्याला पायाला धरून ओढून काढायची. वामनराव वाचत गेले, आणि पान उलटताच ते तलावाचे पान समोर आले. एकदा अशीच पाने वाचून आपण काय केले होते ते त्यांना आठवले. त्यांनी दोन पाने एकत्र धरून उलटली आणि आवाज शक्य तेवढा सरळ ठेवून पुढे वाचू लागले, “‘त्या वर्षी तुरी चांगल्या झाल्या...’”

“पोरगं कुठं गेलं?”

झुंबरबाई आल्या असे वाटून वामनरावांनी दाराकडे पाहिले. दारात कोणी नव्हते.

“पानं गाळली तुमी,” भिंतीकडून आवाज आला. घासलेला, वापरात नसलेल्या कडीसारखा.

“चिकटली होती.”

“चिकटली नाहीत. ते पोरगं पान्याले भ्यायचं. कुठं गेलं ते?”

वामनरावांनी पुस्तक मिटायला घेतले. “अवं, नको. मागे वाचलं तर तुले...”

“वाचा.”

त्यांनी वाचले. मित्रांनी चिडवले म्हणून पोरगा तलावावर गेला होता. शंकररावांनी फार लिहिले नव्हते. ‘त्याच्या चपला काठावर होत्या. एकीला एक लावून, नीट. त्याच्या आईने त्याला तशाच ठेवायला शिकवले होते.’ येथवर वामनरावांचा आवाज टिकला. मग अकोल्याच्या खोलीतल्या पलंगाखाली नीट लावून ठेवलेल्या पुष्पांजलीच्या चपला त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या, ज्या त्यांनी स्वतः पिशवीत भरल्या होत्या, आणि इतके दिवस बाजूला काढून ठेवलेले सगळे एकदमच अंगावर आले. पुस्तक मांडीवर पडले. म्हातारा माणूस तोंडावर हात धरून लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

बाज करकरली. रुखमाबाई कुशीवर वळल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले, पुष्कळ वेळ पाहिले, आणि त्यांच्याही डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळू लागले, आवाज न करता. मग त्यांचा काडीसारखा हात खिडकीकडे गेला. चष्मा सापडेना. वामनरावांनी तो दिला. रुखमाबाईंनी पुस्तक ओढून घेतले आणि राहिलेले चार-दोन शब्द ओठ हलवीत स्वतःच वाचले.

“अन् हे बाई? जनका?” त्या म्हणाल्या. “इथं तं काहीच नाही.”

तेव्हा वामनरावांनी नाक पुसत जळगाव जामोदची सारी हकिकत सांगितली. पाटा, टाकी, लबाड गाढवी, आणि तिला शोधायला गेलेला नवरा. रुखमाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मधेच झोपल्या की काय, अशी वामनरावांना धास्ती वाटली.

“गाढवी आली?”

“आली.”

“अन् नवरा?”

वामनराव चुलीवरची पेज पाहायला उठू लागले.

“अवो, नवऱ्याचं काय झालं?”

“ते... विचारलं नाही.”

रुखमाबाईंनी डोळे उघडले. “काऊन?”

“बस होती.”

त्यांनी नवऱ्याकडे असे काही पाहिले, की वामनरावांना एका क्षणात चाळीस वर्षांचा संसार आठवला. “अर्धवट मानूस,” रुखमाबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती, तरी त्या थांबल्या नाहीत. “एवढ्या दूर गेले अन् अर्धं ऐकून आले.”

वामनरावांनी चुलीवर ठेवलेली पेज विसरून आधी पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक फिरवला. पलीकडे शंकरराव होते. “वाचलं? कुठपर्यंत आले? मायचं प्रकरण—”

“जनकाबाईंना फोन द्या.”

“ते हरभरा सोंगाले गेली. फोन घरीच ठेवून जाते.”

“बरं, त्या पाटे टाकवणारीच्या नवऱ्याचे पुढे काय झाले, तुम्हाला माहीत आहे?”

“नाही बा,” शंकरराव म्हणाले. “त्या दिवशी तुमच्या मांगं तेही उठून गेली, अन् मंग मी विचारलंच नाही.”

वामनरावांनी तसे सांगितले. रुखमाबाईंच्या कपाळाला आठी पडली; दोन्ही पुरुषांविषयी त्यांचे मत सारखेच झालेले दिसत होते. त्यांनी हात पुढे केला आणि फोन आपल्या उशाशी ठेवून घेतला.

वामनरावांनी पेजेची वाटी आणली. नेहमीचा ‘नको’ येईल म्हणून ते आधीच वाकून उभे राहिले होते.

“ठेवा तिथं,” रुखमाबाई म्हणाल्या. “वाजले किती?”

“तीन.”

“हरभऱ्याच्या बाया केव्हा येतात घरी?”

“सहा तरी होतात.”

त्यांनी दारातल्या उन्हाकडे पाहिले. ते अजून उंबऱ्याच्या बरेच पलीकडे होते. पाठीमागे उशी लावून द्या, अशी त्यांनी खूण केली, आणि वामनरावांनी ती लावताना त्यांच्या हाताशी वाटी हळूच सरकवून ठेवली. वाटीचे नाव मात्र घेतले नाही.

“तवर ते तुरीचं वाचा,” रुखमाबाई म्हणाल्या. “अन् पानं गाळू नका.”